आण्णांचं सोड्याचं मशीन

गोठ्याच्या माळ्यावर, कडब्याच्या पेंढ्यांखाली, आमचं सोड्याचं मशीन पस्तीस वर्षं पडून होतं. दिवाळीनंतर गोठा पाडून तिथं बेदाण्यासाठी शेड मारायचं पोरानं ठरवलं, म्हणून माळा रिकामा करायला घेतला. कडबा खाली टाकता टाकता गड्याचा पाय लोखंडाला ठेचकाळला आणि तो वरनंच ओरडला, "मालक, हितं कायतरी वज्जं हाय." चौघांनी दोर लावून ते खाली घेतलं. बिडाचा स्टँड, त्यावर आडवा आस, आसाला धरलेला सागवानी पिंजरा आणि बाजूला हातभर लांब हँडल. सगळ्यावर कोळिष्टकं आणि चिमण्यांची घरटी.

भंगारवाला त्या दिवशी गावात होताच. त्यानं लांबूनच बघून सांगितलं, "बिडाचा भाव येगळा, पितळंचा येगळा." पोरगा म्हणाला, देऊन टाकू. मीही हो म्हणणार होतो. तेवढ्यात नातू हँडलला लोंबकळला. आस तसूभर हलला नाही, पण पिंजऱ्यात 'टिक' असा आवाज झाला. एका खणात बाटली राहून गेली होती आणि तिच्या गळ्यातली गोटी हलली होती. तो आवाज ऐकला आणि मला आण्णांचा घामानं निथळणारा दंड दिसला. भंगारवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मशीनबरोबर एक लाकडी पेटीही निघाली. तिचं पुढं सांगतो.

आधी हे मशीन काय असतं ते सांगायला पाहिजे, कारण आत्ताच्या पोरांनी गोटी सोडा प्यायला असला तरी तो भरताना बघितलेला नसतो. गोटीची बाटली म्हणजे जाड हिरवट काचेची, गळ्याला दोन्हीकडून चिमटा काढल्यासारखी. आत काचेची गोटी, तोंडाच्या आतल्या खाचेत रबराची रिंग. बाटलीत दोन बोटं जागा सोडून पाणी भरायचं आणि ती पिंजऱ्यात बसवायची. आमच्या मशीनला तीन खण आहेत. आस आतून पोकळ. त्यातनं गॅस येतो आणि प्रत्येक खणातल्या व्हॉल्व्हमधनं बाटलीच्या तोंडात शिरतो. वरून पत्र्याचं झाकण लावायचं, गॅसचा कॉक सोडायचा आणि हँडल गरागरा फिरवायचं. पिंजरा उलटसुलट होतो, पाणी घुसळतं आणि गॅस पाण्यात मुरतो. वीस-पंचवीस फेरे झाले की बाटलीचं तोंड खाली येईल असं थांबायचं. गोटी आपल्या वजनानं तोंडाशी येते आणि आतला दाब तिला रबरावर दाबून धरतो. बूच नाही, तार नाही. सोड्यानं सोडाच कोंडायचा. प्यायच्या वेळी लाकडी खुंटीनं गोटी आत दाबली की 'फट्' आवाज होतो, फेस उसळतो आणि गोटी खाली चिमट्यात येऊन बसते.

ही बाटली काढली हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं. 1872 साली त्यानं तिचं पेटंट घेतलं. पाण्यात गॅस मुरवायची युक्ती त्याच्याही आधी शंभर वर्षांची. इंग्लंडात लीड्स गावी जोसेफ प्रिस्टले यानं 1767 मध्ये दारूच्या भट्टीतल्या पिंपांवर पाण्याचं भांडं धरून ती बघितली, आणि 1783 मध्ये जिनिव्हाच्या श्वेप नावाच्या माणसानं तिचा धंदा केला. आपल्याकडं हे पाणी गोऱ्या शिपायांच्या छावण्यांबरोबर आलं. पुण्याच्या लष्करात अर्देशीर यांचा सोड्याचा कारखाना 1884 चा, मुंबईची ड्यूक कंपनी 1889 ची. 1892 मध्ये अमेरिकेत पत्र्याच्या दातेरी बुचाचा शोध लागला आणि पुढं साहेबाच्या देशातनं गोटीची बाटली हळूहळू उठली. जपानात रामुने नावाचं गोड पेय अजून तसल्याच बाटलीत मिळतं. आणि आपल्या जत्रांतनं ती टिकली, ती आण्णांसारख्या माणसांमुळं.

आमचं गाव येरळेच्या काठाला. आज आम्ही सांगली जिल्हा लिहितो, पण आजोबांच्या सगळ्या कागदांवर सातारा जिल्हा आहे. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. जिल्हे दोन झाले तरी जत्रा एकच राहिल्या. मार्गशीर्षात म्हसवडचा रथ आणि पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, पौषात पालीचा खंडोबा, चैत्रात शिखर शिंगणापूर आणि खरसुंडीचा सिद्धनाथ. आण्णांच्या धंद्याचा नकाशा हा असा होता.

आमची जमीन चार एकर, सगळी पावसाच्या भरवशावर. लग्न झाल्यावर आण्णांनी दोन बैलांतला एक विकला आणि सांगलीच्या एका सोडावॉटरवाल्याकडनं हे मशीन जुनंच घेतलं. बैल विकला म्हणून आजोबा महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मशीन बैलगाडीत, गॅसचा सिलिंडर एस.टी.च्या टपावर, असा संसार जत्रा-जत्रांतनं फिरायचा. आण्णा पहाटे तीनला उठून बाटल्या भरायचे. रात्रभर रांजणाला ओलं पोतं गुंडाळून पाणी गार केलेलं असायचं. का, ते मला आता वाचल्यावर समजलं. बर्फासारख्या गार पाण्याच्या एका लिटरमध्ये साध्या दाबाला पावणेदोन लिटरच्या आसपास गॅस मुरतो, तर पंचवीस अंशाच्या पाण्यात जेमतेम पाऊण लिटर. आण्णांची शाळा दुसरीपर्यंतची. पण कोमट पाण्याचा सोडा 'मुका' होतो, एवढं त्यांना ठाऊक होतं.

शिंगणापूरला मुंगी घाट चढून आलेली कावडीची माणसं जीभ बाहेर काढून उभी राहायची. एकेक जण दोन-दोन बाटल्या रिचवायचा. गावच्या भैरोबाच्या जत्रेत मटणाचं जेवण झालं की पोट धरून येणारी गिऱ्हाइकं वेगळी. त्यांना मीठ-लिंबू घालून द्यायचा. धोकाही होता. बाटलीला बारीक चीर असली तर दाबाला ती फुटायची, म्हणून तर पत्र्याचं झाकण. एकदा झाकण न लावता घाईनं हँडल मारलं आणि काच आण्णांच्या मनगटात घुसली. तो व्रण शेवटपर्यंत होता.

आता दुरुस्तीचं. ती मी एकट्यानं केली असं म्हटलं तर खोटं होईल. माझा एक शाळूसोबती आहे. चौथीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो. पुढं त्यानं आयटीआय केलं, एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक म्हणून नोकरी झाली आणि आता निवृत्त होऊन गावात आहे. सगळं गाव त्याला मेस्त्री म्हणतं. त्याचं घर बौद्धवाड्यात. आमच्या लहानपणी त्या आळीला महारवाडा म्हणायचे.

मी त्याला बोलावलं तेव्हा त्यानं मशीनभोवती दोन चकरा मारल्या. मी घण घेऊन आसावर हाणायच्या बेतात होतो. त्यानं हात धरला.

"बिडावर घण मारतोस व्हय? बीड म्हंजे काच समजायची. तडकलं की संपलं."

बिडाची पारख आमच्या भागाला तशी जुनी. 1910 साली किर्लोस्करवाडी वसली आणि तिथनं लोखंडी नांगर निघायला लागले, तेव्हापासून ओतकाम नि लेथ जाणणारी माणसं गावोगाव झाली. मेस्त्रीनं आसाच्या दोन्ही टोकांना डिझेलमध्ये भिजवलेल्या चिंध्या गुंडाळल्या आणि आठ दिवस रोज वरून डिझेल घालायला मला सांगितलं. नवव्या दिवशी हँडल करकरत पाव फेरा फिरलं. आम्ही दोघं म्हातारे पोरांसारखे ओरडलो.

मग एकेक भाग सुटा केला. तारेच्या ब्रशनं गंज काढला. पितळी भाग चिंच आणि राखेनं घासून आमच्या मंडळींनी दिले. आसाचे बुश झिजून लांबट झाले होते, ते पलूसला लेथवर नवे करून आणले. जुने आटे इंची मापाचे, त्यामुळं बाजारातला नट बसेना, तोही लेथवरच काढावा लागला. व्हॉल्व्हच्या बैठकीला चरे पडले होते. इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून मेस्त्री दोन दुपारी नुसता हातानं घासत बसला.

दोन गोष्टींत मात्र जुनं तसंच ठेवायचं नाही असं ठरलं. गॅसची नळी शिशाची होती. शिसं पोटात जाणं वाईट, म्हणून तिथं स्टीलची नळी टाकली. आणि व्हॉल्व्ह गनमेटलचा, म्हणजे त्यात तांबं आलं. सोड्याचं पाणी आंबट असतं, ते तांब्याला खातं. जुने लोक आतनं कल्हई लावायचे ती उडाली होती. कल्हईवाला आता शोधावा लागतो. तासगावच्या बाजारात एक सापडला. त्यानं व्हॉल्व्ह हातात घेऊन विचारलं, "ह्यात सैपाक काय करताय?" रबराच्या रिंगा खाण्याच्या वस्तूंना चालणाऱ्या रबराच्या घेतल्या. वेल्डिंगवाल्याकडचा गॅस घ्यायचा नाही, खाण्यापिण्याला चालणारा, तपासणीची तारीख संपली नसलेल्या सिलिंडरमधलाच घ्यायचा, हेही मेस्त्रीनंच सांगितलं.

मग दाबाची परीक्षा. गॅसनं परीक्षा केली आणि काही फुटलं तर जीवावर बेततं. पाण्यानं केली तर नुसती गळती दिसते, कारण पाणी दाबून फारसं आक्रसत नाही. द्राक्षाच्या बागेला औषध मारायचा माझा एचटीपी पंप आहे, त्याला दाबाचं घड्याळ असतंच. पंप स्वच्छ धुऊन मशीनला जोडला आणि हळूहळू दीडशे पौंडांपर्यंत दाब नेला. सोड्याला त्याच्या निम्मा पुरतो. दोन ठिकाणी पाणी ठिबकलं, ते जागच्या जागी आवळलं. अर्धा तास काटा हलला नाही तेव्हा मेस्त्री म्हणाला, "झालं. आता बाटल्या काड."

आता पेटीचं सांगतो.

मशीन खाली उतरवलं त्याच रात्री मी एकट्यानं ती पेटी उघडली होती. भुसा भरलेला होता. बावीस बाटल्या निघाल्या. सोळा साध्या. सहांच्या बुडाशी बोटभर रुंदीचा तांबड्या ऑइलपेंटचा पट्टा. तो पट्टा कशाचा ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी उठून दार लावलं. ब्लेड आणलं आणि एका बाटलीचा रंग खरवडायला घेतला. जुना रंग, काचेला चिकटून बसलेला. एक झाली, दुसरी झाली. तिसरी हातात घेतली तेव्हा मंडळींनी आतनं विचारलं, एवढ्या रात्रीचं काय करताय? काही नाही म्हणालो आणि पेटी खाटेखाली सारली. त्यानंतर महिनाभर मी ती बाहेर काढली नव्हती. मेस्त्री रोज यायचा, रोज आमच्या सोप्यात चहा व्हायचा, आणि पेटी त्याच्या पायापासून दोन हातांवर खाटेखाली.

त्यानं बाटल्या मागितल्यावर मला ती ओढावी लागली. तो खाली बसला. एकेक बाटली उजेडाकडं धरून चीर आहे का बघत, बोटानं वाजवत, बाजूला ठेवू लागला. तांबड्या पट्ट्याची आली. ती त्यानं तशीच बघितली, वाजवली, बाजूला ठेवली. सगळ्या झाल्यावर म्हणाला,

"चारच? सहा हुत्या."

मी म्हणालो, "दोनचा रंग काढला."

"का?"

मला उत्तर देता आलं नाही.

तोच मग बोलला. "आमच्या आळीत समद्यांस्नी ठावं हुतं, सहा हायत म्हणून. जत्रंत सहा जण पीत असले, की सातवा थांबायचा. माझं आजोबा लई डाव सातवं असायचं."

साठ वर्षं मी त्या मशीनच्या घरातला माणूस. बाटल्या सहा होत्या हे मला त्या रात्री पेटी उघडल्यावर समजलं. त्याला ते लहानपणापासून पाठ होतं.

मला आठवत होतं ते वेगळं, आणि ते त्यालाही आठवतंय का हे मी आजवर विचारलेलं नव्हतं. 1971 ची भैरोबाची जत्रा. मी दहा वर्षांचा, आण्णांच्या हाताखाली बाटल्या द्यायला उभा. हा पैसे घेऊन आला. माझ्याच वर्गातला, माझ्याच रांगेत बसणारा. आण्णा पाठमोरे, हँडल मारत होते. मला कुणी काही सांगितलं नाही. माझा हात आपोआप पलीकडच्या पेटीकडं गेला आणि मी तांबड्या पट्ट्याची बाटली उचलून, गोटी दाबून, त्याच्या हातात दिली. हातात म्हणजे, फळीवर ठेवली आणि त्यानं उचलली. पिऊन झाल्यावर त्यानं ती फळीवर ठेवली नाही. खाली, चाकाजवळ ठेवली. त्यालाही कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, तेव्हा सगळीकडं तसंच होतं. होतंच. चहाच्या हॉटेलात कोनाड्यात वेगळे कप होते, पाणवठे वेगळे होते. पण कायदा 1955 सालीच झाला होता. अस्पृश्यतेवरून दुकानात, हॉटेलात मज्जाव करणं, सार्वजनिक वापराची भांडी वापरू न देणं, हा गुन्हा ठरला होता. आमच्या जत्रेत तो कायदा येऊन सोळा वर्षं झाली होती आणि जत्रेच्या बंदोबस्ताला आलेले पोलीस आमच्याच गाड्यावर सोडा पीत होते.

आणि ही माती तर अशी, की हे दुःख सगळ्या देशाला तिच्यावरूनच समजलं. बाबासाहेबांचं नाव 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या शाळेत दाखल झालं. त्यानंतरच्या वर्षी, 1901 मध्ये, नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब भावंडांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात नोकरीला होते. मुलं मसूर स्टेशनवर उतरली. जात समजल्यावर एकही गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन, मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि गाडीवान बाजूनं चालणार, या अटीवर एक गाडी मिळाली. जवळ जेवणाचा डबा होता, पण वाटेत प्यायला पाणी मिळालं नाही आणि पोरं उपाशी झोपली. त्यांनी स्वतः हे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये लिहून ठेवलंय. मसूर आमच्यापासून फार लांब नाही. आण्णांनी त्या वाटेनं कितीदा तरी मशीन नेलं असेल.

सोड्याच्या बाटलीची गंमत ही, की आतलं पाणी बंद. भरल्यापासून फुटेपर्यंत त्याला कुणाचा हात लागत नाही, कुणाची सावली लागत नाही. शिवाशिव पाळणाऱ्यालाही ते पाणी तक्रार न करता पिता यावं. पण बाटली परत यायची. ओठ लागलेली ती बाटली कुणाची, हे आमच्या घरानं रंग लावून ठरवलं.

हे थांबलं कसं? आण्णांनी एके दिवशी शहाणपण सुचून थांबवलं असं मला लिहायला आवडलं असतं. तसं झालं नाही. 1972 च्या दुष्काळात विहिरीचा तळ उघडा पडला. प्यायलाच पाणी नाही तिथं सोडा कुठला. मशीन वर्षभर बंद राहिलं. आण्णा-आई खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले आणि मेस्त्रीचे आईवडीलही त्याच कामावर होते. पुढं पाऊस झाला, मशीन सुरू झालं, आणि सहा बाटल्याही सुरू झाल्या. मी दहावीला बसलो ते साल 1977. त्याच वर्षी कोकाकोला देश सोडून गेली आणि थम्स अप आलं. हळूहळू तालुक्याच्या स्टँडवर, मग गावातल्या टपरीत, पत्र्याच्या बुचाच्या बाटल्या क्रेटनं यायला लागल्या. त्या बाटल्या कुठनं कुठनं फिरून, धुऊन, भरून यायच्या. आदल्या दिवशी ती कुणी तोंडाला लावली, कुठल्या गावात, कुठल्या आळीत, हे टपरीवाल्यालाही माहीत नसायचं. सगळेच त्या प्यायले, आण्णासुद्धा. गिऱ्हाईक तिकडं वळलं, गोटी सोडा मागं पडला आणि नव्वदच्या आसपास मशीन माळ्यावर गेलं. सहा बाटल्या शेवटपर्यंत सहाच राहिल्या आणि पेटीत भुसा घालून आण्णांनी त्या नीट ठेवल्या.

आण्णा वाईट माणूस नव्हते. दुष्काळात त्यांनी आमच्यातलं धान्य मेस्त्रीच्या घरी दिलं होतं, हे मेस्त्री स्वतः सांगतो. तो हेही म्हणाला, "धान्य दिलं ते खरं. बाटली येगळी दिली तेबी खरं. दोनी ल्ही." मी लिहितो हे त्याला माहीत आहे, म्हणून हे दोन्ही लिहिलं.

बाटल्या धुण्याचं काम चार दिवस चाललं. गळा चिमटलेला, आत गोटी, त्यामुळं ब्रश नीट फिरत नाही. बारीक वाळू आणि धुण्याचा सोडा घालून गरम पाण्यानं हलवत राहायचं. दोघींना चीर निघाली, त्या बाद केल्या. त्या दोन्ही साध्यांतल्या होत्या. राहिल्या वीस. उरलेल्या चार पट्ट्यांचं काय करायचं, ते मी मेस्त्रीला विचारलं. तो म्हणाला, "मला काय इचारतोस? पेटी तुजी हाय." मी ब्लेड पुन्हा हातात घेतलं नाही.

या चैत्रात, जत्रेच्या आदल्या दिवशी पहाटे, आम्ही मशीन सुरू केलं. पाणी रात्रभर रांजणात, वर ओलं पोतं, अगदी आण्णांसारखं. झाकण लावलं, कॉक सोडला. हँडल मी धरलं. पहिल्या खेपेला एका बाटलीची रिंग सरकली आणि गॅस फुसकन निघून गेला. मेस्त्रीनं रिंग बसवली. दुसऱ्या खेपेला पंचवीस फेरे मोजून थांबलो, कॉक बंद केला आणि पहिली बाटली काढली. गोटी तोंडाशी घट्ट. दुसरी घट्ट. तिसरीही. त्या तिघींतली एक तांबड्या पट्ट्याची होती. पिंजऱ्यात बाटल्या मेस्त्रीनं लावल्या होत्या.

त्यानं एक साधी बाटली घेतली, एक नातवाच्या हातात दिली. तांबड्या पट्ट्याची माझ्यापुढं धरली.

"तू ह्यातनं पी."

मी खुंटीनं गोटी दाबली. फट् झालं. पहिला घोट घेतला आणि गॅस नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. मेस्त्री हसला. म्हणाला, "गॅस जास्त झालाय. दहा पौंड कमी कर."

नातू माझ्या बाटलीकडं बघत होता. "आबा, ह्याच बाटलीला तांबडा रंग का?"

मी मेस्त्रीकडं बघितलं. तो त्याची बाटली तोंडाला लावून आकाशाकडं बघत प्यायला लागला होता. मधेच थांबून एवढंच म्हणाला, "सांग की."

मी सांगायला लागलो. जमत नव्हतं. कुठनं सुरू करायचं तेच समजेना. मशीनपासून केलं, मग जत्रा, मग ती फळी, मग चाकाजवळची बाटली. पोरगं मधे मधे प्रश्न विचारत होतं आणि काहींची उत्तरं मेस्त्रीनं दिली. सांगून झालं तेव्हा उजाडलं होतं आणि माझ्या बाटलीतला गॅस सगळा उडून गेला होता. राहिलेलं पाणी मी तसंच पिऊन टाकलं.